प्रश्न तुमचे: पहिल्या अल्बमची परीक्षणं

या वेळची बरीचशी पत्रं इंदूरहून आली आहेत आणि विषय जवळपास एकच आहे. गाणी स्वतः लिहिली, चाली स्वतः लावल्या, गायली स्वतःच. अल्बम निघाला आणि आता परीक्षणं आली, किंवा आलीच नाहीत. नावं न छापता भाग तेवढे दिले आहेत.

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): माझ्या भाचीचा आठ मराठी गाण्यांचा पहिला अल्बम निघाला. शब्द, चाली, गिटार सगळं तिचंच. दोन परीक्षणं आली. एकात म्हटलंय, 'शब्द ताजे, पण सगळी गाणी एकाच गाण्यासारखी वाटतात.' दुसऱ्यात त्याच अल्बमला 'एकसंध' म्हटलंय. कुणाचं खरं मानायचं?

उत्तर: दोघांनी ऐकलंय एकच. एकाला ते खटकलं, दुसऱ्याला भावलं. म्हणून आधी ते नेमकं काय आहे हे शोधा. वही आणि तासभर वेळ पुरतो. आठ गाण्यांच्या आठ ओळी आखा आणि प्रत्येकीपुढे लिहा: पट्टी, लय (मिनिटाला किती ठोके), ताल, आवाज कितव्या सेकंदाला येतो, मुखडा कोणत्या स्वरावर उठतो, सर्वांत वरचा स्वर कोणता आणि तो कुठे लागतो, गाणं किती मिनिटांचं, संपतं कसं. ठोके मोजायला फोनवरचं मेट्रोनोम ॲप चालेल.

गिटारवर गाणी बांधणाऱ्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बहुतेक वेळा असं दिसतं की कागदावर पट्ट्या चार असतात, हात मात्र एकच. जी, सी, डी आणि ई मायनर या आकारांवर गाणं बसवायचं आणि आवाजाला झेपावं म्हणून कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावायचा. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर ठेवून जीचा आकार धरला की पट्टी ए होते, पण कोणती तार मोकळी घुमते, बोटं कुठून कुठे सरकतात, खर्ज कुठे पडतो हे सगळं तेच राहतं. कानाला पट्टी बदलल्याचं जाणवत नाही, हात तोच असल्याचं जाणवतं. त्यात आठपैकी सहा गाणी मिनिटाला ७६ ते ८८ ठोक्यांत असतील आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला पंधरा-वीस सेकंद तारा छेडून मगच आवाज येत असेल, तर पहिल्या परीक्षकाचं म्हणणं कागदावरच सिद्ध झालं.

शब्दांचा साचाही तपासा. अष्टाक्षरी ओळ आठ मात्रांच्या केरव्यात इतकी अलगद बसते की चाल सुचण्याआधीच ठेका ठरून जातो. दोन ओळींचा मुखडा, चार-चार ओळींचे तीन अंतरे आणि प्रत्येक अंतऱ्याची चाल हुबेहूब तीच, हे आठ वेळा झालं तर शब्द कितीही ताजे असोत, कान थकतो.

निघालेला अल्बम बदलता येणार नाही, पण कार्यक्रमातला क्रम तिच्या हातात आहे. एकाच पट्टीतली, पाच-सहा ठोक्यांच्या फरकातली दोन गाणी लागोपाठ नकोत. पुढच्या खेपेला एखादं गाणं दादऱ्यात किंवा रूपकात बांधावं, एखादं थेट आवाजाने सुरू करावं. गिटारची जाड तार ईवरून डीवर उतरवली तर सवयीचे काही आकार तसेच धरता येत नाहीत आणि हाताला नवी वाट शोधावी लागते. एक गाणं गिटारशिवाय, नुसत्या पेटीवर करून पाहायलाही हरकत नाही.

तक्त्यात भरपूर वैविध्य निघालं आणि तरीही गाणी सारखी वाटत असतील, तर दोष चालींचा नसून ध्वनीचा आहे. आठही गाण्यांत गिटार त्याच माइकवर, त्याच अंतरावरून घेतलेली, आवाजावर तोच रिव्हर्ब (घुमारा) तेवढाच घातलेला. हे पुढच्या वेळी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगमध्ये बदलता येतं.

आमच्या मते दोघांत पहिला परीक्षक जास्त कामाचा, कारण त्याने तपासून पाहता येईल असं काही सांगितलंय. 'एकसंध' हा शब्द बरेचदा सगळी गाणी ऐकायला वेळ न मिळालेल्या माणसाच्या मदतीला येतो.

प्रश्न (विजयनगर, इंदूर): परीक्षणात लिहिलंय, 'आवाज मागे पडला आहे, ध्वनिमुद्रण बोथट आहे.' सगळं घरच्या खोलीत रेकॉर्ड केलं. मिक्स करताना तर छान वाटत होतं. चुकलं कुठे?

उत्तर: या तक्रारीला मोठी परंपरा आहे. गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचा पहिला अल्बम १९६८ साली आला, निर्माते होते डेव्हिड क्रॉस्बी. आवाजामागे तारा घुमाव्यात म्हणून मिचेल यांना उघड्या पियानोच्या तारांवर गायला लावलं आणि त्यासाठी जादा माइक लावले. त्या माइकांबरोबर टेपवर सूं असा हिस्सही भरला. तो काढायला गेले तर आवाजाच्या वरच्या पट्टीतली चमकही त्याच्याबरोबर गेली. गाणी चांगली असूनही ध्वनी मंदावला, ही तक्रार त्या अल्बमला पुढे चिकटूनच राहिली.

घरच्या खोलीत हिस्सची जागा पंखा आणि कूलर घेतात. रेकॉर्डिंगनंतर तो घुं आवाज घालवायला नॉइज रिडक्शन लावतात, आणि पाच-सहा डेसिबलच्या वर गेलं की आवाजाचा श्वास आणि व्यंजनांची धारही खरवडली जाते. बोथटपणाचं हे पहिलं कारण, आणि उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करायचा आहे: पंखा-कूलर बंद, रात्री रस्ता शांत झाल्यावर टेक, एकेक गाणं संपलं की खोली गार करून पुढचं. इंदूरच्या मे महिन्यात हे जिवावर येतं, तेव्हा रेकॉर्डिंग थंडीत धरा. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा. माइकच्या मागे एकच गोधडी टांगून भागत नाही, कारण माइक ऐकतो तो गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (प, बचा फटका अडवणारी जाळी), आणि बसायची जागा खोलीच्या कोपऱ्यातही नको, बरोबर मध्यावरही नको.

दुसरं कारण मास्टरिंगचं, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या हाताचं. आपलं गाणं इतरांपेक्षा दणदणीत वाजावं म्हणून लिमिटरने (शिखरं दाबून एकूण पातळी चढवणाऱ्या साधनाने) ते उणे ८ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) दाबलेलं असतं. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ आहे, म्हणजे तिथे तुमचं गाणं सहा डेसिबलने खाली ओढलं जातं. दणदणीतपणा जातो, पण दाबताना मेलेले तारांचे टोले परत येत नाहीत. एका गिटारीच्या गाण्याला उणे १४च्या आसपास ठेवून, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली राखलं तर काहीही बिघडत नाही.

तिसरं, गिटार आणि आवाज एकाच जागेसाठी भांडतात. आवाज मागे वाटला की सगळे आवाजाची पातळी वाढवतात. त्याऐवजी गिटारला अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा आणि ८० हर्ट्झच्या खालचं छाटा. शब्द पुढे येतात, गिटार होती तशीच वाटते. गिटारला दोन माइक लावले असतील तर मिक्स मोनो करून ऐका. फेज (दोन माइकांवरच्या लहरींची सांगड) जुळत नसेल तर मोनोत गिटार पोकळ होते आणि कितीतरी लोक अल्बम फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात.

आणि 'मिक्स करताना छान वाटत होतं' याचं उत्तर असं की मिक्स करणाऱ्याला शब्द पाठ असतात. पाठ असलेले शब्द बुडाले तरी त्याला ऐकू येतात. ज्याने गीत वाचलेलं नाही अशा माणसाला गाणं एकदाच ऐकवा आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढायला सांगा. कुठे रिकाम्या जागा राहतात त्या ओळी पाहा. बहुतेक तिथे गिटारचा जोरकस टोला किंवा रिव्हर्बची शेपटी सापडेल.

नवं मिक्स करून पुन्हा प्रकाशित करायचं असेल, तर त्या गाण्याला नवा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) लागतो, कारण ते वेगळं ध्वनिमुद्रण धरलं जातं. भारतात हे क्रमांक देण्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोहोचवणाऱ्या वितरकामार्फत अल्बम चढवलात तर बहुधा वितरकच क्रमांक देतो. जुन्या क्रमांकावर जमलेली ऐकण्याची संख्या नव्यावर येईलच असं धरू नका.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर): पुण्याच्या परीक्षकाने माझे उच्चार 'हिंदी वळणाचे' म्हटलेत. आमच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या. हा दोष की आमची बोली?

उत्तर: दोन्ही असू शकतं, आणि परीक्षकाने एकही शब्द उदाहरणादाखल न दिल्यामुळे तुमची पंचाईत झाली आहे. माळव्यातल्या मराठीचे शब्द, तिची वाक्याची ढब, मध्येच येणारा 'भिया' (भाऊ) हे तुमचं भांडवल आहे. स्वतःची गाणी लिहिणाऱ्याने ते पुणेरी करायला जाऊ नये. पण शाळा हिंदीत झालेल्या गायकाच्या बाबतीत वेगळंच घडतं. घरी बोलताना 'चांदणं' बरोबर दंत्य, म्हणजे 'त्स'कडे झुकणारं, येतं आणि माइकसमोर कागद वाचून गाताना तेच 'चंद्र'मधल्या 'च'सारखं तालव्य होतं. एकाच गाण्यात मुखड्याला एक आणि अंतऱ्याला दुसरं आलं तर ती बोली नव्हे, बेसावधपणा.

गीताच्या कागदावर दंत्य च, ज, झ खाली टिंब द्या. ळ आणि ण वेगळ्या रंगाने खुणवा. लांब स्वरावर ळ आला तर तो ताणता येत नाही, जीभ उलटून लगेच सुटते. म्हणून आधीचा स्वर धरून ठेवायचा आणि ळला अगदी शेवटी स्पर्श करायचा. ताणायला गेलात की त्याचा ल होतो. टेक संपल्यावर सुरांसाठी एकदा आणि निव्वळ उच्चारांसाठी एकदा, असं वेगवेगळं ऐका. दोन्ही एका वेळी सापडत नाहीत.

एक शक्यता मिक्सिंगचीही तपासा. दंत्य 'च'मध्ये त्स असा सकार असतो आणि त्याची धार साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये येते. तिथेच डी-एसर (टोचणारा सकार दाबणारं साधन) काम करतो. रोज हिंदी गाणी मिक्स करणाऱ्याने नेहमीचा डी-एसर जरा कडक लावला की गायिकेने नीट म्हटलेला दंत्य 'च'ही मऊ होऊन जातो. मूळ टेक आणि मिक्स शेजारी ठेवून ऐकलं की दोष कुणाचा ते कळेल.

प्रश्न (रामबाग, इंदूर): आयुष्य उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाणं ऐकण्यात गेलं. आता नातू गिटार घेऊन स्वतःची गाणी गातो आणि पेपरात त्याचं कौतुक छापून येतं. ना आलाप, ना बढत, ना तान. हे कुठल्या मापाने मोजायचं?

उत्तर: खाँसाहेबांच्या झुमरा तालातल्या अतिविलंबित लयीने कान घडला असेल तर साडेतीन मिनिटांचं गाणं सुरू होण्याआधीच संपल्यासारखं वाटणार. पण माप बदलावं लागेल. ख्यालात चीज (बंदिश) एकच आणि गाणारे शंभर. मोल ठरतं ते तिच्यावर काय उभं केलं त्यावरून. इथे गाणं आणि गाणारा एकमेकांसाठी घडलेले असतात आणि परीक्षक ते दोघे जुळलेत का एवढंच बघतो.

तुमच्याच कानाला सोपी जाईल अशी तपासणी सांगतो. नातवाला गाण्याचे शब्द चालीशिवाय, साधे बोलल्यासारखे म्हणायला सांगा. मग चाल शब्दांशिवाय, आकारात. मग दोन्ही एकत्र. बोलताना ज्या अक्षरावर जोर येतो ते समेवर किंवा निदान ठोक्यावर पडतं का? दीर्घ अक्षर आखूड स्वरात कोंबलंय आणि ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणलंय, असं होतं का? तिसरा अंतरा काही नवं सांगतो, की पहिल्याचेच शब्द फिरवतो? बंदिशीत शब्दांची फेक कशी असावी हे तुम्ही अनेक परीक्षकांपेक्षा जास्त जाणता, तेच इथे लावायचं आहे.

आवाजाच्या गोडव्यावर मात्र फार अडू नका. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांचा पहिला अल्बम मार्च १९६२मध्ये कोलंबिया कंपनीने काढला. खरखरीत, नाकातला आवाज. पहिल्या वर्षात जेमतेम पाच हजार प्रती गेल्या आणि कंपनीचे निर्माते असलेल्या ज्या जॉन हॅमंड यांनी त्यांना घेतलं होतं, त्यांच्या या निवडीची कंपनीतच 'हॅमंडचा मूर्खपणा' म्हणून चेष्टा चाले. त्यातल्या १३ गाण्यांपैकी फक्त दोन डिलन यांची स्वतःची होती. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बममध्ये आवाज तोच राहिला, पण बहुतेक गाणी स्वतःची आली आणि मत फिरलं.

प्रश्न (स्नेहनगर, इंदूर): मी संगीत शिकवते. माझ्या विद्यार्थ्याच्या अल्बमवरचा परिचयाचा मजकूर मीच लिहिला. आता एक स्थानिक मासिक त्याचं परीक्षण माझ्याकडेच मागतंय. लिहू का?

उत्तर: शक्यतो नको. डिलन यांच्याच पहिल्या अल्बमचा किस्सा यासाठी कामाचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे रॉबर्ट शेल्टन यांनी सप्टेंबर १९६१मध्ये डिलन यांच्या एका क्लबमधल्या गाण्यावर भरभरून लिहिलं आणि पुढे अल्बमच्या वेष्टणावरचा मजकूरही त्यांनीच लिहिला, पण 'स्टेसी विल्यम्स' या टोपणनावाने. दोन टोप्या एकाच डोक्यावर बसत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, म्हणून तर नाव बदललं.

आता इंदूरच्या मराठी मंडळींत कोण कुणाचा काहीच लागत नाही असा परीक्षक शोधायचा तर मासिकाचा अंकच निघणार नाही, हेही खरं. इथे गायक, आयोजक आणि समीक्षक एकाच लग्नाच्या पंगतीत भेटतात. सत्काराच्या शालींची चणचण नाही, चार स्पष्ट ओळींची आहे. दुसरं कुणी मिळतच नसेल, तर पहिल्या परिच्छेदातच नातं सांगून टाका: 'हा माझा विद्यार्थी, परिचयाचा मजकूर माझा.' मग वाचक हवा तेवढा भाव लावून वाचेल. परिचयात वापरलेलं एकही विशेषण परीक्षणात पुन्हा नको.

लिहायचंच झालं तर रीत थोडक्यात अशी. अल्बम एका बैठकीत, गीतं न वाचता, क्रमाने ऐका. दुसऱ्या दिवशी गीतं समोर ठेवून, वेळेसकट टिपणं काढत: 'चौथं गाणं, १ मिनिट ५० सेकंद, अंतरा चढतो पण गिटार तिथेच.' तिसऱ्यांदा वेगळ्या साधनावर, हेडफोनवर ऐकलं असेल तर साध्या स्पीकरवर. साडेतीनशे-चारशे शब्दांत गायकाच्या चरित्राला चाळीस-पन्नास शब्द पुरेत. निदान तीन गाण्यांची नावं घेऊन बोला, त्यांतलं एक न जमलेलं असू द्या. गीतातल्या एक-दोन ओळी उद्धृत करता येतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. अख्खं गीत छापलंत तर मात्र ती समीक्षा राहत नाही, परवानगी लागते.

प्रश्न (भंवरकुआँ, इंदूर): अल्बम निघून महिना झाला. वीस जणांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. एकही परीक्षण नाही.

उत्तर: महिन्याने उशीर झाला. मासिकाला निघण्याआधी सहा ते आठ आठवडे, दैनिकाच्या पुरवणीला दोन-तीन आठवडे आधी अल्बम हातात लागतो. दिवाळी अंकाचा मजकूर तर गणपतीच्या आसपासच बंद व्हायला लागतो. वितरकाकडे फाइल चढवायची ती तारखेच्या तीन-चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं सुचवता येतं, ते निदान सात दिवस आधी. अल्बम निघाल्यावर ती खिडकी बंद. तारीख शुक्रवारची धरा, २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच निघतं. गणेशोत्सवाचे दहा दिवस टाळा. त्या दिवसांत इंदूरच्या पेपरांची पानं कार्यक्रमांनी आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांनी (चित्ररथांनी) भरलेली असतात.

पाठवताना प्रत्येकाला वेगळा ईमेल, वर त्याचं नाव. सरसकट फॉरवर्ड केलेला निरोप ओळखू येतो. आत एक खासगी लिंक असावी, जी लॉगिन न मागता उघडते आणि आठवड्यात मरत नाही. सोबत पूर्ण गीतं, श्रेय (कोणी काय वाजवलं, मिक्स कोणी केलं), दीडशे शब्दांची माहिती, आणि छपाईला चालेल असा ३०० डीपीआयचा एक आडवा, एक उभा फोटो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, छापल्यावर चेहरा पुसट येतो. गीतं युनिकोडमध्ये टाइप केलेली हवीत. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की कवितेच्या जागी किडे-मुंग्या दिसतात आणि परीक्षक ती तिथेच मिटतो.

बरेच जण एक गोष्ट विसरतात. इंदूरमधले बहुतेक पेपर हिंदी आहेत. तिथल्या परीक्षकाला चाल कळेल, शब्द अर्धवट कळतील. प्रत्येक गाण्याचा भावार्थ हिंदीत दोन-तीन ओळींत दिलात तर तो शब्दांवरही लिहू शकेल, नाहीतर 'मधुर प्रस्तुति' एवढ्यावर भागवेल. आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. आता महिना उलटून गेला असेल, तर अल्बमचं घोडं दामटू नका. छोट्या सभागृहात तासाभराची बैठक करा आणि तिचं निमंत्रण त्याच लोकांना द्या. कार्यक्रम ही नवी बातमी असते, आणि परीक्षणात अल्बम आपोआप येतो.

प्रश्न (देवास): तीन परीक्षणांत पाचपैकी तीन, पाचपैकी चार आणि दहापैकी सहा अशा श्रेणी मिळाल्या. सरासरी काढून पोस्टरवर छापावी का?

उत्तर: नको. शंभरात बसवल्या तर ६०, ८० आणि ६०, सरासरी ६७ येते, पण तीन आकड्यांच्या सरासरीला अर्थ नाही. परीक्षणांचे गुण एकत्र करणारी मेटाक्रिटिकसारखी संकेतस्थळंसुद्धा निदान चार परीक्षणं जमल्याशिवाय गुण दाखवत नाहीत, आणि तिथेही सगळ्या प्रकाशनांना सारखं वजन नसतं. पोस्टरवर एक नेमकं वाक्य छापा. मधले शब्द गाळून 'अप्रतिम' एवढंच उचलू नका, मूळ वाचलेला एकजण तरी निघतोच.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): आठांपैकी एका गाण्याचे शब्द भा. रा. तांबे यांचे आहेत, चाल माझी. परवानगी लागेल? आणि परीक्षक अल्बमला 'स्वतःचा' मानतील का?

उत्तर: तांबे १९४१ साली गेले. आपल्याकडे कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २००२च्या सुरुवातीपासून त्यांचे शब्द खुले आहेत. मात्र त्या कवितेला आधी कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची आहे, तिचे हक्क वेगळे. तुमची चाल नकळत तिच्या वळणावर जात नाही ना, हे कुणा जाणकाराला ऐकवून तपासा, कारण तांब्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या चाली मराठी माणसाच्या कानात घट्ट बसलेल्या आहेत आणि परीक्षक तुलना करणारच. श्रेयात 'शब्द: भा. रा. तांबे' स्पष्ट लिहिलंत तर सात गाणी तुमची असलेल्या अल्बमला कुणी नाव ठेवणार नाही. ते गाणं पहिलं मात्र ठेवू नका.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): परीक्षण वाईट आलं. त्यात माझ्या एका गाण्याचं नावही चुकलंय आणि चाल दुसऱ्याच्या नावावर छापली आहे. उत्तर द्यावं का? आणि पहिल्या अल्बमवर बसलेला शिक्का जातो का?

उत्तर: शिक्क्याचं आधी. परीक्षण, खप आणि लोकांच्या लक्षात राहणं या तीन गोष्टी एकाच वेळी घडतातच असं नाही. अमेरिकन गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमन यांचा पहिला अल्बम एप्रिल १९८८मध्ये आला, परीक्षकांनी उचलून धरला, पण खप उसळला तो ११ जूननंतर. त्या दिवशी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त कार्यक्रम होता. स्टीवी वंडर यांच्या वाद्ययंत्रणेची हार्ड डिस्क ऐन वेळी सापडेना, आणि मोकळा वेळ भरून काढायला चॅपमन यांना एकटीला गिटारसह पुन्हा मंचावर पाठवलं गेलं. अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. परीक्षणांनी आधीच सांगितलेलं लोकांनी दोन महिन्यांनी ऐकलं. उलटही होतं, डिलन यांचं वर आलंच आहे.

उत्तराचं म्हणाल तर मतांना उत्तर नको, चुकांना हवं. 'आवाज कोता आहे' हे मत. चाल दुसऱ्याच्या नावावर छापणं ही चूक, आणि ती दुरुस्त करून घ्यायलाच हवी, कारण पुढे रॉयल्टीच्या नोंदीत तोच कागद पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो. पत्र संपादकाला लिहा, परीक्षकाला नाही. अंकाची तारीख आणि पान, छापलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली बरोबर माहिती, आणि अल्बमच्या श्रेयाच्या पानाची प्रत. पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नका आणि परीक्षण अन्यायकारक असल्याचा उल्लेख त्यात अजिबात नको. तो आला की दुरुस्ती बाजूला पडून तुमची नाराजीच छापली जाते. परीक्षण संकेतस्थळावरही असेल तर तिथला मजकूर बदलण्याची मागणी त्याच पत्रात वेगळ्या ओळीत करा. छापील अंकातल्या दुरुस्तीने तो आपोआप बदलत नाही. शब्द आणि चाली यांची नोंद गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे अजून केली नसेल, तर पत्र टाकायच्या आधी ती करा. गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत नाव तुमचंच असलं, तरी दोन्ही रकाने भरावे लागतात.